मिरजकरांच्या वतीने स्वागत

माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरील मान्यवर, गावोगावहून आलेले वर्तनतज्ज्ञ, विशेष शिक्षक आणि मुलांना घेऊन आलेले पालकहो,

स्वमग्न मुलांच्या पुनरावर्ती वर्तनावरील या परिषदेत आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत.

1894 साली डॉ. विल्यम वानलेस यांनी मिरजेत मिशन हॉस्पिटल उभारले, तेव्हापासून रुग्णांची पावले इकडे वळतात. 2016 साली तहानलेल्या लातूरला पाणी घेऊन रेल्वे निघाली, तीही इथूनच. पण मला आवर्जून सांगायचे आहे ते फरीदसाहेबांविषयी. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या या कारागिराने एकोणिसाव्या शतकात इथे तंतुवाद्ये घडवायला घेतली. आज मिरजेच्या सतारीला, तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन आहे. वाद्ये जगभर पोचली, फरीदसाहेबांचे नाव मात्र गावातल्या पोरांनाही सांगावे लागते. सवड काढून सतारमेकरांच्या दुकानांत जा. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे टांगलेले दिसतील. कोणी तंबोऱ्याची जवारी लावत असेल, तर थोडे थांबा. घोडीवर कानस जराशी फिरवायची, तार छेडायची, कान द्यायचा, मग पुन्हा कानस. तार काय सांगते ते ऐकल्यावाचून त्याचा हात पुढे चालत नाही.

तयारीच्या बैठकांत तज्ज्ञांचे बोलणे ऐकताना मला हाच कारागीर आठवत होता. मूल हात फडफडवते, एकच वाक्य घोकत राहते. आपण चटकन ‘बंद कर’ म्हणतो. तज्ज्ञ आधी वही काढतात: त्यापूर्वी काय घडले, त्यानंतर मुलाला काय मिळाले? एडवर्ड कार आणि मार्क डुरंड यांनी 1985 मध्ये दाखवून दिले, की मुलाला लक्ष किंवा मदत मागायला शिकवले की त्याच कारणासाठी होणारे त्रासदायक वर्तन कमी होते. डोके आपटणे, हात चावणे थांबवायलाच हवे. पण नुसत्या डुलण्याने मुलाला शांत वाटत असेल आणि कोणाला इजा होत नसेल, तर ते मोडून काढण्याचा आग्रह आपण का धरावा? यावर इथे मोकळेपणाने बोलले जावे, ही माझी कळकळीची विनंती आहे.

व्यवस्थेत उणिवा आहेत. निवासाच्या खोल्या कमी पडल्याने काहींची सोय सांगलीत करावी लागली. सकाळच्या गाड्या वेळेवर सुटतील, हे मी जातीने पाहीन. जनरेटरचा आवाज मुलांना सोसणार नाही म्हणून तो मागच्या आवारात हलवला आहे, त्यामुळे वीज गेल्यास क्षणभर अंधार होईल. कृपया सांभाळून घ्या. जिन्याशेजारच्या खोलीत गाद्या आहेत, दिवा मंद आहे, तिथे ध्वनिक्षेपक नाही. कोणत्याही मुलाला केव्हाही तिथे न्या, कोणी काही विचारणार नाही.

धान्य देणारे मार्केटमधले व्यापारी, गाद्या देणारे मंडपवाले, आपले दवाखाने सांभाळून इथे राबणारे डॉक्टर, स्वयंपाकघरातल्या भगिनी, रात्री दोन वाजता स्टेशनवर पाहुण्यांना उतरवून घेणारे महाविद्यालयीन स्वयंसेवक आणि नाव छापू नका म्हणून बजावून मोठी देणगी देणारे सद्गृहस्थ, या सर्वांचे मी अंतःकरणापासून आभार मानतो. काही कमी पडले तर थेट मला सांगा. तिन्ही दिवस मी नोंदणीच्या टेबलाशीच आहे. आता माननीय अध्यक्षांनी दीपप्रज्वलन करावे, ही विनंती.