सीलिंगमधल्या दिव्यांना श्वास घेऊ द्या


वरच्या मजल्यावर स्लॅब तापतो, म्हणून काहींनी पीओपीच्या फॉल्स सीलिंगवर थर्माकोल किंवा ग्लासवूल घातलंय. त्याच सीलिंगमध्ये दिवेही बसवलेत. इथे जपा! थर्माकोल पेट घेतो. ग्लासवूल जळत नाही, पण दिव्याची उष्णता कोंडून धरतं; वायरचं आवरण कडक होऊन तडकतं, एलईडीचा ड्रायव्हर लवकर जातो.

म्हणून दिव्याभोवती किमान 3 इंच जागा मोकळी ठेवा, दिवा आणि ड्रायव्हर वरून झाकू नका. 50 वॅटचे जुने हॅलोजन काढून टाका. बँकेत आम्ही कागद तपासल्याशिवाय कर्ज देत नसू. तसंच परवानाधारक वायरमनला दाखवल्याशिवाय सीलिंग बंद करू नका.

आणि खरं सांगू? ऊन गच्चीवरच अडवलेलं बरं. गच्चीला उष्णतारोधक पांढरा रंग देण्याचा ठराव मी पुढच्या सभेत मांडतोय. हात वर करा!