फळीवरचे अमेरिकन घड्याळ
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



सातवी शिकलेल्या बाईने घड्याळावर काय बोलावे, असे तुम्हांला वाटेल. पण गेल्या वर्षी शेजारच्या वहिनींकडे जुन्या वस्तू घेणारा आला आणि त्यांच्या सासऱ्यांच्या घड्याळाची किंमत पितळेच्या वजनावर करू लागला. मी म्हटले, आधी वस्तू काय आहे ते कागदावर उतरवू, मग किंमत.

फळीवर ठेवायच्या घड्याळाचे पेटंट अमेरिकेत कनेक्टिकटच्या एली टेरीने 1816 साली घेतले. त्याची चक्रे लाकडाची. समुद्रप्रवासात दमट हवेने लाकूड फुगे, म्हणून परदेशी गेली ती पुढची, पितळी चक्रांची घड्याळे. चॉन्सी जेरोमने 1842 साली ती इंग्लंडला पाठवली. किंमत इतकी कमी, की जकातवाल्यांना लबाडीचा संशय आला आणि दाखवलेल्या भावाने त्यांनीच सगळा माल घेतला! त्याने आनंदाने आणखी पाठवला. हे त्यानेच लिहून ठेवले आहे.

आता वहिनींचे घड्याळ. तबकडीला चावीची दोन भोके, एक चालीचे, एक टोल्यांचे. दार उघडले तर लोलकामागे छापील कागद, अर्धा फाटलेला, पण ‘आन्सोनिया, न्यूयॉर्क’ एवढे वाचता आले. ही कंपनी मूळची कनेक्टिकटची. न्यूयॉर्कजवळ ब्रुकलिनचा कारखाना 1879 चा, आणि 1929 मध्ये धंदा संपून यंत्रे रशियाला गेली. म्हणजे घड्याळ मधल्या पन्नास वर्षांतले. मग वाईट तेही लिहिले: खालची काच नवी, साधी, मिनिटकाटा दुसऱ्याच घड्याळाचा. आपल्या वस्तूचे दोष लपवले तर आपल्या कागदावर कोण विश्वास ठेवील?

वहिनींच्या मुलाला ते घासूनपुसून चकचकीत करायचे होते. मी हात धरला. तबकडी रंगवली, कागद खरवडला, की अर्धे मोल गेलेच. आणि बायांनो, खोबरेल तेल तर मुळीच घालू नका, थंडीत गोठते. आतली कमानही उघडू नका. ताणलेली असते, बोट फोडील. ते घड्याळवाल्याचे काम.

तो गृहस्थ परत आला तेव्हा वहिनींनी कागद पुढे केला. त्याने दोनदा वाचला आणि पितळेचा तराजू पिशवीतून काढलाच नाही. भाव अजून ठरलेला नाही. वहिनी म्हणतात, ठरेपर्यंत टोले आम्हीच ऐकू.