यादीत नसलेले अकरा जण

मी मूळचा म्हापशाचा. गेली बारा वर्षं चेन्नईत, वेलचेरीला राहतोय. आमच्या स्टेशनवरून लोकल धरली की त्याच लाइनवर चेपॉक लागतं, स्टेडियमला अगदी खेटून. त्यामुळे आमच्या घराची क्रिकेटपासून सुटका नाही.

मागच्या वर्षी माझ्या तेरा वर्षांच्या मुलाने एका मॅचमध्ये चार ओव्हरमध्ये ५८ रन दिले. विकेट एकही नाही. परतीच्या लोकलमध्ये तो अवाक्षर बोलला नाही. रात्री म्हणाला, "बाबा, मी आता जाणार नाही. सगळ्यांच्या फोनवर दिसतंय ते."

मी त्याला एका सीझनची गोष्ट सांगितली. तीच तुम्हाला सांगतो.

रणजी ट्रॉफीच्या एका सीझनमध्ये हजार रन पहिल्यांदा केले मुंबईच्या रुसी मोदींनी, १९४४-४५ साली. १००८ रन! तो विक्रम ४४ वर्षं टिकला. १९८८-८९ मध्ये तो मोडला तमिळनाडूच्या डब्ल्यू. व्ही. रामन यांनी, १०१८ रन करून. इथल्या क्रिकेटवेड्यांना तो आकडा तोंडपाठ असतो.

आता जरा खोलात जाऊ. त्या १०१८ पैकी ३१३ रन एकाच डावात आले. कुठे? आमच्या पणजीत. कुणाविरुद्ध? आमच्या गोव्याविरुद्ध. त्याच डावात अर्जन कृपाल सिंग नाबाद ३०२. तमिळनाडूने सहा बाद ९१२ वर डाव घोषित केला. एका डावात दोन त्रिशतकं रणजीत त्याआधी कधीच झाली नव्हती.

रामन थोर बॅट्समन होते, त्यांचं श्रेय कणभरही कमी करायचं नाही. नंतर दक्षिण आफ्रिकेत वनडे शतक करणारे ते पहिले भारतीय ठरले. पण त्या विक्रमाचा जवळजवळ तिसरा हिस्सा गोव्याच्या बोलरांच्या घामातून आलाय. आणि गोव्याचा संघ तेव्हा रणजीत नवखा, जेमतेम चौथा सीझन. सर्वाधिक रनांच्या यादीत बॅट्समनचं नाव येतं. समोर दिवसभर उन्हात पळणारे अकरा जण तिथे कुठेच नसतात.

पुढे काय झालं? गोवा खेळत राहिला. नोव्हेंबर २०२४ मध्ये पर्वरीला स्नेहल कवठणकर नाबाद ३१४, कश्यप बखले नाबाद ३००. एका डावात दोन त्रिशतकं, रणजीच्या इतिहासात दुसऱ्यांदा. आणि यावेळी ती गोव्याची!

मी टाळी मागायला थांबलो, तर पोराने विचारलं, "समोर कोण होतं?"

अरुणाचल प्रदेश. २०१८-१९ पासून रणजी खेळणारा संघ. ८४ वर ऑलआउट, मग दोन बाद ७२७ रन अंगावर.

"म्हणजे आता त्यांची पाळी," तो म्हणाला.

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी हिशेब पूर्ण झाल्याच्या आनंदात होतो, त्याला अरुणाचलचे बोलर दिसले.

शनिवारी तो बूट घालून निघाला. विकेट मिळाली का? नाही. पण त्या दिवसापासून कुठल्याही सीझनची यादी पाहिली की आम्ही दोघं आधी विचारतो, बोलिंग कोण टाकत होतं?