धावणारीचा गुडघा आणि कॅमेऱ्याचा डोळा



"सॉफ्टवेअरमध्ये आहेस, म्हणजे नक्की काय करतेस गं?" हे सकाळपासून सात जणांनी विचारलं. सगळ्यांना एकदाच सांगते. माणसाच्या चालण्या-धावण्याचा व्हिडिओ घेऊन गुडघा किती अंशांत वाकला, पाऊल जमिनीवर किती वेळ टेकलं, हे मोजणाऱ्या सॉफ्टवेअरवर मी काम करते. डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट आणि खेळाचे प्रशिक्षक ते वापरतात.

नाशिककरांना धावण्याचं कौतुक मी काय सांगणार! सावरपाड्याच्या कविता राऊतनं २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक मिळवलं आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य. आजही पहाटे मैदानावर गेलात तर पाड्यांवरून आलेल्या मुली धावताना दिसतील. त्यांतल्या एखादीची नडगी दुखायला लागली, की ओळखीचे प्रशिक्षक मोबाइलवर व्हिडिओ काढून मला पाठवतात. "ताई, हिचं काय चुकतंय बघा ना."

पण बघायला त्यात असतं किती? साधारणपणे मोबाइल सेकंदाला ३० चित्रं घेतो. वेगात धावताना पाऊल जमिनीला पाव सेकंद किंवा त्याहूनही कमी वेळ टेकतं. म्हणजे हाती जेमतेम सात चित्रं. पाऊल नेमकं कधी टेकलं, कधी उचललं, ते दोन चित्रांच्या मधेच हरवतं. फोनमध्ये सेकंदाला २४० चित्रांची 'स्लो मोशन' सोय असेल तर तेवढ्याच वेळात साठ चित्रं मिळतात. मात्र उजेड भरपूर हवा. तिन्हीसांजेला पाऊल नुसतं धूसर दिसतं.

कॅमेरा कुठे ठेवला, हे त्याहून महत्त्वाचं. प्रयोगशाळेत पट्टीवरचं माप वाचताना डोळा बरोबर समोर ठेवा म्हणून बाई बजावायच्या, आठवतंय? तेच इथे. कॅमेरा तिरका असेल तर गुडघ्याचा कोन खोटा येतो, आणि सॉफ्टवेअर तो खोटा कोन दशांशचिन्हापुढे दोन आकड्यांपर्यंत बिनदिक्कत छापतं! आकडा दिसला की माणसं मान डोलावतात. त्यावरून पंधरा वर्षांच्या मुलीला पाऊल टाकायची पद्धत बदलायला लावली, तर नडगीवरचा ताण पोटरी-घोट्यावर जाऊ शकतो. तिची स्पर्धा तर जातेच, वर नवं दुखणं.

म्हणून वेळ वाचवायचा तो मैदानावरच. ट्रायपॉड कमरेच्या उंचीवर, धावण्याच्या रेषेला काटकोनात आणि जरा लांब ठेवा. ती जिथून धावणार त्याच रेषेवर एक मीटरची काठी धरून आधी शूटिंग करा. सॉफ्टवेअरला अंतर कळतं ते त्या काठीवरून. व्हिडिओला मुलीचं नाव, तारीख, डावी बाजू की उजवी, हे तिथल्या तिथे लिहा. 'नवीन फायनल २' अशा नावाच्या फाइली मी खूप उपसल्या आहेत. या सगळ्याला दहा मिनिटं लागतात. ती दिली नाहीत तर माझी रात्र जाते आणि तरी उत्तर हाती येत नाही.

सुरुवातीलाच महागडं काही घेऊ नका. 'किनोव्हिया' मोफत मिळतं, विंडोजच्या लॅपटॉपवर चालतं आणि एका बाजूनं कोन मोजायला पुरतं. स्टॅनफर्ड विद्यापीठात तयार झालेलं 'ओपनकॅप' दोन आयफोनवरून, अंगाला खुणा न चिकटवता, तिन्ही मितींतली हालचाल काढतं. पण शाळेच्या मैदानावर रोज तेवढं कोण मांडणार?

आपल्यातले काही जण क्रीडाशिक्षक आहेत. जेवणं झाली की मागच्या मैदानावर या, ट्रायपॉड गाडीत आहे. धावायला मात्र दोघं-तिघं लागतील. पोट सुटलेलं असलं तरी चालेल.