सडक्या अंड्यांचा वास



१९७७च्या फेब्रुवारीत प्रशांत महासागरात, गॅलापागोस बेटांजवळ एक अमेरिकी मोहीम गेली. बोटीवर भूशास्त्रज्ञ होते, रसायनशास्त्रज्ञ होते. जीवशास्त्रज्ञ एकही नव्हता. समुद्रतळ जिथे दुभंगतो तिथे भेगांत शिरलेलं पाणी तप्त खडकाला लागून झऱ्यासारखं वर येत असणार, असा त्यांचा कयास होता. शोध त्या झऱ्यांचा होता.

आधी कॅमेरे बसवलेला एक सांगाडा तळालगत ओढत नेला. सुमारे तीन हजार छायाचित्रं निघाली, त्यांत नुसता काळा लाव्हा. पण एका ठिकाणी तापमानाची नोंद क्षणभर उसळली होती. नेमक्या त्या वेळेची चित्रं काढून पाहिली, तर तेरा चित्रांत पांढऱ्या शिंपल्यांची दाटी! चौदाव्यात पुन्हा लाव्हा.

मग ‘आल्विन’ ही पाणबुडी उतरली. जेमतेम दोन मीटर व्यासाचा गोळा, आत तीन माणसं. अडीच हजार मीटर खाली, मिट्ट काळोखात दिवे लावले, तेव्हा भेगांतून येणारं कोमट पाणी तापल्या रस्त्यावरच्या हवेसारखं थरथरत होतं. भोवती वीतभराहून मोठे शिंपले आणि पांढऱ्या नळ्यांतून बाहेर आलेले लालभडक तुरे. तो किडाच होता. पुढे माणसाच्या उंचीचेही सापडले. पाण्याचे नमुने बोटीवर उघडले आणि सडक्या अंड्यांचा वास सुटला. हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे चक्क विष. प्राणी टिकवायला फॉर्मालिन पुरेना, तेव्हा काही नमुने पनामात घेतलेल्या रशियन वोडकात ठेवले.

स्मिथसोनियन संस्थेच्या मेरेडिथ जोन्स यांनी तो किडा चिरून पाहिला. तोंड नाही, आतडं नाही. मग हा जगतो कशावर? १९८०मध्ये हार्वर्डला व्याख्यान देताना त्यांनी सांगितलं, की याच्या अंगातल्या मऊ गाभ्यात गंधकाचे बारीक स्फटिक मिळतात. ते ऐकताच कोलीन कॅव्हॅनॉ ही पहिल्या वर्षाची संशोधक विद्यार्थिनी उठून उभी राहिली: आत गंधकावर जगणारे जिवाणू असलेच पाहिजेत! मला या साऱ्या हकिगतीत पाणबुडीपेक्षाही तिचं ते उठणं मोलाचं वाटतं. एक शब्द कानावर पडला आणि कोडं सुटलं. ऐकणं म्हणतात ते हे.

जोन्सनी पुढे तिला गाभ्याचा तुकडा दिला. सूक्ष्मदर्शकाखाली त्यात जिवाणू खच्चून भरलेले दिसले, एकेका ग्रॅममध्ये अब्जावधी. १९८१मध्ये तिचा निबंध प्रसिद्ध झाला. बोटीवर सगळ्यांच्या नाकाला झोंबलेला तो वायू किड्याचं लाल रक्त त्या जिवाणूंपर्यंत पोचवतं, आणि ते त्यापासून त्याचं अन्न रांधतात.

हे प्राणी सूर्यावाचून जगतात, असं सर्रास लिहिलं जातं. ते पुरतं खरं नाही. तेच रक्त त्या वायूबरोबर प्राणवायूही वाहून नेतं, आणि तो प्राणवायू वर, उजेडात, हिरव्या पेशींनीच तयार केलेला असतो.