चारशे रुपयांचे भिंग



वसंत ऋतूतील व्याख्यानमाला म्हटली की संतवाङ्मय, अर्थकारण, राज्यघटना असे भारदस्त विषय श्रोत्यांच्या कानांवर पडावेत अशी रूढी आहे. त्या मानाने आमचा विषय किरकोळ वाटेल. कॅमेऱ्याच्या पाठीला लावायचे एक नळकांडे, त्यात एक भिंग, आणि ते घरच्या घरी कसे बनवावे, एवढेच आम्ही सांगणार आहोत. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि युनियनच्या कचेरीत पुष्कळ झाले. त्यामुळे शास्त्र आम्हांला जसे समजले तसे, कारागिराच्या भाषेत मांडतो.

प्रथम अडचण काय ती पाहू. ज्याला आपण डीएसएलआर म्हणतो त्या कॅमेऱ्यात भिंगामागे एक तिरपा आरसा असतो. समोरचे दृश्य त्या आरशावरून वर जाते आणि डोळा लावण्याच्या खिडकीत दिसते. छायाचित्र काढणाऱ्याला ही सोय उत्तम. २००८ साली निकॉनच्या डी-९० ह्या कॅमेऱ्याने, आणि त्याच वर्षी कॅननच्या फाइव्ह-डी मार्क टू ह्याने, अशा कॅमेऱ्यांवर चलच्चित्र घेण्याची सोय आणली. परंतु चलच्चित्र घ्यायचे तर आरसा सतत वर उचललेला ठेवावा लागतो. आरसा वर गेला की खिडकीत काळोख! मग चित्र पाहायचे कुठे? पाठीवरच्या तीन इंची पडद्यावर.

घरात तो पडदा झकास दिसतो. उन्हात त्यावर स्वतःचाच चेहरा दिसतो. शिवाय ह्या कॅमेऱ्यातील प्रकाश टिपणारा पत्रा मोठा असल्यामुळे दृश्याचा थोडाच भाग रेखीव येतो, पुढचा-मागचा भाग पुसट होतो. चित्राला उठाव येतो तो ह्यामुळेच. पण केंद्र तसूभर चुकले तर सारे फुकट. पडद्यावरचे चित्र पाच किंवा दहापट मोठे करून पाहण्याची युक्ती अनेक कॅमेऱ्यांत असते, मात्र चित्रण सुरू झाले की बहुतेकांत ती बंद पडते.

ह्याची किंमत काय मोजावी लागते ते एका उदाहरणाने सांगतो. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या कापड गिरण्यांतील सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. त्यात होरपळून गावी परतलेले कितीतरी साचेवाले आमच्या पंचक्रोशीत आहेत. त्यांपैकी एका म्हाताऱ्याची हकीकत आमच्या युनियनच्या मुलांनी भर दुपारी अंगणात चित्रित केली. दोन तास तो गृहस्थ बोलला. संध्याकाळी पाहतो तो मागच्या भिंतीची वीट न् वीट स्पष्ट, आणि बोलणाऱ्याचा चेहरा धुरकट! मुलांचा काही दोष नव्हता. उन्हात पडदाच दिसत नव्हता. पुन्हा जाऊ म्हणेपर्यंत पावसाळा आला आणि त्या पावसाळ्यात तो गेला. आवाज आमच्यापाशी आहे. बोलताना हातवारे करणारा, मध्येच हसणारा तो माणूस मात्र धुक्यात राहिला. कामगाराचा इतिहास अशा रीतीने हातचा जातो, आणि तो कोणी जप्त केलेला नसतो!

ह्यावर बाजारात उपाय आहे. पडद्यावर बसवायचे भिंगाचे तयार नळकांडे मिळते. चांगल्यापैकी घ्यायचे तर काही हजार रुपये मोजावे लागतात. जुना कॅमेरा वर्गणीतून घेणाऱ्या संघटनेला हे परवडायचे नाही. तेव्हा ते आत आहे तरी काय, हे आम्ही पाहिले. आत एकच बहिर्गोल भिंग! घड्याळजी डोळ्याला लावतो त्याचेच मोठे भावंड.

आता भिंग कोणते घ्यावे? चष्मेवाला ज्याला नंबर म्हणतो तो भिंगाच्या शक्तीचा आकडा. एक हजाराला त्या नंबराने भागले की भिंगाचे नाभीय अंतर मिलिमीटरमध्ये मिळते. अधिक १० नंबरचे भिंग म्हणजे १०० मिलिमीटर. भिंग किती पट मोठे दाखवील हे काढण्यासाठी २५० ला त्या अंतराने भागावे. म्हणजे आपले भिंग अडीचपट. आम्हांला एवढे पुरते. जवळचे छायाचित्र काढण्यासाठी कॅमेऱ्याच्या तोंडाला लावतात ती ५२ मिलिमीटरची अधिक १० नंबरची काच स्वस्तात मिळते. आणि घरात शोधले तर फुकटही मिळेल. मोतीबिंदू काढल्यावर डोळ्यात कृत्रिम भिंग बसवण्याची पद्धत रूढ होण्यापूर्वी आपल्या आजी-आजोबांना जो जाडजूड चष्मा मिळे, त्याची काच साधारण ह्याच नंबराची असे. भिंगाचा नंबर ठाऊक नसेल तर खिडकीसमोरच्या भिंतीजवळ ते धरून बाहेरच्या दूरच्या झाडाची प्रतिमा भिंतीवर रेखीव पाडावी आणि भिंग व भिंत ह्यांतील अंतर पट्टीने मोजावे. झाले काम!

आता कृती. तीन इंची पडदा सुमारे ६३ मिलिमीटर रुंद आणि ४२ मिलिमीटर उंच असतो. तरी आपला स्वतःचा मोजून घ्यावा. पाट्या रंगवणारे वापरतात तो पाच मिलिमीटरचा सनबोर्ड आणून त्याची ५० मिलिमीटर खोलीची पेटी करावी. पडद्याकडचे तोंड आतून ६६ बाय ४६, डोळ्याकडचे ६६ बाय ६६. म्हणजे दोन फळ्या सरळ आणि दोन फळ्या एका टोकाला रुंद होत गेलेल्या. डोळ्याकडचे तोंड चौकोनी फळीने बंद करून तिला मधोमध गोल भोक पाडावे. त्या भोकावर ६३ मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपचा ६० मिलिमीटर लांबीचा तुकडा ग्लू गनने पक्का चिकटवावा. भिंगाच्या कडेला जाड कापडाची पट्टी गुंडाळून ते पाइपात असे बसवावे की जोर लावला तर सरकेल, एरवी हलणार नाही.

हे सरकणे महत्त्वाचे आहे. पडद्यापासून भिंग १०० मिलिमीटरवर असले की डोळ्याला पडदा जणू दूर क्षितिजावर असल्यासारखा, ताण न पडता दिसतो. म्हणूनच आमच्यासारख्या चाळिशी लागलेल्या माणसालाही त्यासाठी चष्मा शोधावा लागत नाही! ज्याला दूरचे दिसत नाही त्याने भिंग थोडे पडद्याकडे सरकवावे. ज्याचा नंबर उलट आहे त्याने थोडे मागे घ्यावे. एकाच युनियनच्या दहा डोळ्यांना एकच यंत्र चालते.

पेटी व पाइप आतून काळे करावेत. त्याला शाळेच्या फळ्याला देतात तो काळा रंग उत्तम, कारण तो चकाकत नाही. पाइपाच्या तोंडावर स्कूटरच्या जुन्या ट्यूबचे कडे चढवावे. डोळ्याला मऊ लागते आणि बाजूचा उजेड अडतो. पडद्याकडच्या काठाला फोमची पट्टी लावावी, म्हणजे काच खरवडणार नाही.

राहिले जोडणे. घाईचे काम असेल तर ट्यूबच्याच दोन पट्ट्यांनी पेटी कॅमेऱ्याला आवळावी. कायमचे हवे असेल तर ॲल्युमिनियमची काटकोनी पट्टी घेऊन तिचे एक अंग पेटीला आणि दुसरे कॅमेऱ्याच्या बुडाला लावावे. कॅमेऱ्याच्या बुडाशी तिकाटण्यासाठी जे भोक असते त्याला पाव इंची, इंचाला वीस आटे असलेला स्क्रू लागतो. तो लांब घेऊ नये. भोक उथळ असते आणि जबरदस्ती केली तर आतला भाग दुखावतो. उद्यमनगरातल्या कुठल्याही लेथवाल्याकडे हे काम चहा पिऊन होईपर्यंत होते.

एक इशारा कळकळीने देतो. हे भिंग सूर्याकडे तोंड करून ठेवू नका. लहानपणी भिंगाने कागद जाळला असेल. तेच ऊन पडद्यावर एकवटले तर पडदा जळतो. वापर नसताना तोंडावर टोपण हवेच.

एका भिंगाचे चित्र कडेला थोडे वाकते, रंगाची झालर दिसते. ते फक्त पाहणाऱ्याला दिसते, चित्रणात उतरत नाही. उलट एक फायदा वरकड मिळतो. दोन हात आणि तिसरा आधार कपाळाचा, अशा तीन टेकूंवर कॅमेरा स्थिर राहतो.

कोणी विचारील, खिशात मोबाइल असताना हा उपद्व्याप कशाला? प्रश्न रास्त आहे. गेटसभेचे दोन मिनिटांचे चित्रण मोबाइलवर अवश्य करा. परंतु गर्दीपलीकडून वक्त्याचा चेहरा जवळ आणायचा असेल, यंत्रमागाच्या अंधाऱ्या खोलीत किंवा फाउंड्रीच्या भट्टीपाशी काम करणारे हात टिपायचे असतील, तर मोठे भिंग आणि मोठा कॅमेराच कामी येतो. आणि आता बिनआरशाचे कॅमेरे आल्यामुळे, ज्यांच्यापैकी पुष्कळांच्या खिडकीतच लहानसा पडदा असतो, जुने डीएसएलआर स्वस्तात विकायला निघाले आहेत. श्रीमंताने टाकलेले हत्यार गरिबाने दुरुस्त करून वापरायचे, ही तर आपली जुनीच रीत!

ह्या रीतीला आमच्या कोल्हापुरात मोठी परंपरा आहे. बाबूराव पेंटर आणि आनंदराव पेंटर ह्या दोघांना चित्रपट काढायचा होता, कॅमेरा नव्हता. १९१६ मध्ये आनंदराव वारले. बाबूरावांनी हाय खाल्ली नाही. शिष्य दामले ह्यांना हाताशी धरून १९१८ साली त्यांनी कॅमेरा घडवला, आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. मालेगावातही यंत्रमागांच्या शहरात हौशी मंडळींनी सायकल आणि बैलगाडीच्या आधाराने कॅमेरा फिरवून चित्रपट केले. ‘मालेगाव का सुपरमॅन’चा नायक स्वतः मागावर काम करणारा होता. ह्यांच्यापुढे आमचे नळकांडे ते काय! परंतु धडा तोच आहे. यंत्र उघडून पाहिले की त्याची भीती जाते, आणि भीती गेली की त्याची मालकी निम्मी आपली होते.

आमचे सारे नळकांडे चारशे रुपयांच्या आत झाले. ते इथे टेबलावर ठेवले आहे. व्याख्यान संपल्यावर ज्यांना पाहायचे आहे त्यांनी पुढे यावे, मापे उतरवून घ्यावीत आणि आमच्यापेक्षा चांगले करावे. गावोगावी बोलू इच्छिणारी म्हातारी माणसे अजून आहेत. त्यांच्याकडे जाताना चित्र नीट दिसले पाहिजे, एवढीच आमची मागणी आहे. आणि ही मागणी कोणा मालकापुढे मांडायची नाही, आपणच आपल्या हातांनी पुरी करायची आहे.