लांब शाफ्टसाठी यंत्र निवडताना
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



साहित्य, नाट्य आणि संगीत यांच्या पंक्तीला एका यंत्राचे पान मांडावे, असा आग्रह पीण्यातील आपल्या तरुण कारखानदारांनी धरला आणि कार्यकारिणीने तो मान्य केला. आम्ही कलाशाखेचे पदवीधर. तथापि केंद्र सरकारच्या खरेदी खात्यात अशा यंत्रांच्या निविदा वाचण्यात आमची बरीच वर्षे गेली आहेत, आणि अभियंत्यांना अडाण्यासारखे प्रश्न विचारण्याचा अधिकार आम्ही कधी सोडला नाही. शिवाय लेथ ही वस्तू मराठी माणसाला परकी नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसविली; पुढे १९४१ साली हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर कंपनी निघाली आणि तिचे लेथ देशभर गेले.

प्रश्न असा आहे. पंपाचे, गिअरपेट्यांचे, रोलिंग मिलचे दोन-तीन मीटर लांबीचे शाफ्ट करावयाचे आहेत. त्यासाठी टर्निंग आणि मिलिंग एकाच ठिकाणी करणारे सीएनसी यंत्र घ्यावे काय, आणि घेतल्यास कसे पारखावे? काहींनी राहते घर तारण ठेवण्याची तयारी केली आहे, म्हणून आम्ही मोघम बोलणार नाही.

अशा यंत्राचे मर्म एकाच बैठकीत आहे. जुन्या पद्धतीत शाफ्ट लेथवरून मिलिंगकडे चावीचा गाळा पाडण्यासाठी जातो, तेथून आडवी भोके पाडण्यासाठी ड्रिलिंगकडे, आणि पुन्हा लेथकडे. प्रत्येक वेळी तो नव्याने पकडावा लागतो व प्रत्येक पकडीत मूळ अक्ष थोडासा हरवतो. एकत्र यंत्रात मुख्य स्पिंडल शाफ्टला हव्या त्या कोनात थांबवून घट्ट धरतो आणि वरचे तिरपे होणारे मिलिंगचे डोके गाळे, भोके व सपाट बाजू तेथेच उरकते. ऑस्ट्रियातील लिंझ येथील डब्ल्यूएफएल कंपनीचे मिलटर्न, जपानी माझाकचे इंटिग्रेक्स, ओकुमाचे मल्टस ही याच कुळातील यंत्रे होत. त्यांची माहितीपत्रके इतकी देखणी असतात की ती वाचून मनुष्य आपला शाफ्टच विसरतो.

म्हणून आरंभ शाफ्टपासून करावा. तीन मीटर लांब व १०० मिलिमीटर व्यासाचा पोलादी शाफ्ट घ्या. त्याचे वजन सुमारे १८५ किलो भरते. दोन टोकांवर नुसता टेकवून ठेवला तरी स्वतःच्याच भाराने तो मध्यभागी अर्ध्या मिलिमीटरहून अधिक झुकतो. आणि बेअरिंगच्या बैठकीसाठी त्याच व्यासाला आयटी ६ या प्रतीत मुभा किती? अवघी २२ मायक्रॉन! त्यात हत्याराचा रेटा येतो. तेवढ्याच रेट्याला लांबी दुप्पट झाली की वाक आठपट होतो. व्यास निम्मा झाला की सोळापट. यंत्राची अश्वशक्ती वाढवून हे गणित बदलत नाही. ते बदलते आधाराने.

हा आधार म्हणजे स्टेडी. लांबी व्यासाच्या दहापटीपलीकडे गेली की टेलस्टॉकवर भागत नाही, असा साधारण ठोकताळा आहे. आमच्या मते या यंत्रांच्या निवडीत सर्वांत दुर्लक्षिलेली बाब हीच. विक्रेत्यास विचारावे: स्टेडी किती बसतील? त्या स्वतःच्या बळावर सरकतात की हत्यारांच्या सरकपट्टीवर स्वार होऊन? त्यांची पकड कोणत्या व्यासापासून कोणत्या व्यासापर्यंत? पायऱ्यापायऱ्यांच्या शाफ्टला एका स्टेडीची पकड पुरत नाही, हे नकाशा समोर ठेवल्याशिवाय कोणाच्या ध्यानात येत नाही. खाली दुसरा टरेट असेल तर तो स्टेडीला ओलांडू शकतो काय, हेही पाहावे. नाहीतर यंत्राचे निम्मे वैभव एका बाजूस अडकून पडते.

टेलस्टॉकचेही तसेच. पोलाद तापते तेव्हा मीटरमागे दर अंशाला साडेअकरा मायक्रॉनच्या आसपास वाढते. तीन मीटरचा शाफ्ट पाच अंशांनी तापला तर सुमारे ०.१७ मिलिमीटर लांब होणार. टेलस्टॉक ताठर असेल तर या वाढीला जागा न मिळून शाफ्ट कमानीसारखा वाकतो. दाब कायम राखून मागे हटणारा, ज्याचा दाब आज्ञावलीतून कमीजास्त करता येतो असा टेलस्टॉक हवा.

आता लांबी. अंथरूण पाहून पाय पसरावेत असे वडील मंडळी सांगत आली. लेथच्या बेडच्या बाबतीत ही म्हण उलटी करून पाय मोजूनच अंथरूण घ्यावे. माहितीपत्रकात दोन सेंटरांमधील म्हणून जी लांबी छापलेली असते तिच्यातून चक खातो, स्टेडी खाते, लांब हत्यार खाते. दोन मीटरच्या शाफ्टला टोकाकडून एक मीटर खोल बोअर पाडावयाचा असेल तर बोअरिंग बार बाहेर उभा राहण्यास आणखी एक मीटरहून अधिक जागा लागते, आणि त्या वेळी टेलस्टॉक बाजूला असल्याने ते टोक स्टेडीवरच तोलावे लागते. तीन मीटरचे यंत्र त्या दोन मीटरच्या शाफ्टलाही अपुरे पडू शकते ते असे.

उलट, काही गोष्टी नकोत म्हणण्याचे धैर्य हवे. समोरासमोरचा दुसरा स्पिंडल आखूड कामाला वरदान आहे. लांब शाफ्टला बहुधा टेलस्टॉकच पुरतो. आणि ज्याच्या शाफ्टवर एखादाच साधा गाळा आहे त्याने हे यंत्र घेऊच नये. चांगला सीएनसी लेथ व शेजारी एक मिलिंग यंत्र यांत त्याचे काम निघते. समजा, यंत्र तीन कोटींचे आणि व्याज दहा टक्के. वर्षाला व्याज तीस लाख. वर्षात ४८०० तास यंत्र चालले तर तासाला ६२५ रुपये व्याजाचे. १२०० तासच चालले तर २५००. हे गणित विक्रेता मांडीत नाही.

सरकारी खरेदीत सर्वांत कमी किमतीचा दंडक असतो आणि त्यास नावे ठेवण्याची रीत आहे. आमचा अनुभव निराळा आहे: बहुतेक वेळा दोष किमतीचा नसतो, अटींच्या लेखनाचा असतो. विक्रेत्याच्या माहितीपत्रकातून आकडे उतरवून अटी लिहिल्या की निविदा त्या विक्रेत्याची होते, खरेदीदाराची राहत नाही. आपल्या सर्वांत अवघड शाफ्टचा नकाशा निविदेस जोडावा. तोच शाफ्ट आधी निर्मात्याच्या कारखान्यात व मग आपल्या शेडमध्ये, आपल्या पायावर, आपल्या कामगाराच्या हातून करून दाखवावा, ही अट घालावी, आणि रकमेचा एक हप्ता तोपर्यंत राखून ठेवावा. अचूकतेचे आकडे कोणत्या मानकाप्रमाणे, आयएसओ २३०-२ की अन्य, हे विचारल्यावाचून दोन यंत्रांची तुलना करू नये. मोजण्याची रीत बदलली की आकडा बदलतो.

परदेशी यंत्राबाबत एक सूचना. १९८७ साली तोशिबा मशीन कंपनीने पाणबुड्यांचे पंखे कातण्याजोगी यंत्रे सोव्हिएत रशियास विकल्याचे उघड झाले आणि मोठे वादळ उठले. पाच अक्षांची यंत्रे आजही निर्यात-नियंत्रणाखाली येतात. अंतिम वापराचे हमीपत्र द्यावे लागते, आणि कित्येक जपानी यंत्रांत अशी योजना असते की यंत्र जागचे हलविल्यास ते बंद पडते व निर्मात्याच्या माणसाशिवाय सुरू होत नाही. भाड्याच्या शेडमध्ये असे यंत्र बसविणाऱ्याने करारनामा किती वर्षांचा आहे ते आधी पाहावे.

आणखी दोन खर्च अंदाजपत्रकात हटकून राहून जातात. एक काँक्रीटच्या पायाचा. लांब बेड पायावरच सरळ राहतो, आणि पाया खचला की शंकूसारखे शाफ्ट निघू लागतात. दुसरा सॉफ्टवेअरचा. इतके अवयव एकाच पोकळीत फिरतात तेव्हा आज्ञावली आधी संगणकावर चालवून टक्कर होत नाही हे पाहणे अपरिहार्य ठरते. एका धडकेत मिलिंगचा स्पिंडल जायबंदी होतो. हे काम जाणणारा मुलगा यंत्राच्या आधी सहा महिने नेमावा. यंत्र आल्यावर शोधू म्हटले तर तेवढे महिने व्याज चालूच राहते.

ज्यांचा निर्णय अद्याप व्हावयाचा आहे, त्यांनी येत्या रविवारी सकाळी आपापले नकाशे घेऊन मंडळाच्या वाचनालयात यावे. माहितीपत्रके घरी ठेवावीत.